पाकिस्तानी पंजाबातली विस्मरणात गेलेली मंदिरं, गुरुद्वारे आणि ब्रिटिशकालीन वास्तू पाहायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, हाताशी आठ दिवस आहेत आणि गर्दीच्या जागा नकोत, असं तुम्ही लिहिलंय. मी असा दोनदा जाऊन आलोय, आमच्या शेजारच्या शीख काकांबरोबर. त्यांचे वडील १९४७ मध्ये चकवालजवळच्या एका खेड्यातून निघाले होते.

लाहोरात दोन दिवसांवर राहू नका. तिथे रावी रोडवरची सर गंगाराम यांची समाधी तेवढी चुकवू नका. लाहोरचं म्युझियम आणि जनरल पोस्ट ऑफिस या माणसाच्या देखरेखीखाली उभं राहिलं. मग सरळ झेलम शहर गाठा आणि तिथून मिठाच्या डोंगररांगेत हिंडा. एक विनंती: शीख, हिंदू, ब्रिटिश अशा तीन वेगळ्या याद्या करू नका. त्या भागात एकाच आवारात, कधी एकाच भिंतीत दोन-तीन काळ सापडतात, आणि याद्या घेऊन फिरलं की नेमकं तेच नजरेतून सुटतं.

त्याच डोंगररांगेतल्या कटासराज या देवस्थानाचंच बघा. यक्षानं पांडवांना प्रश्न विचारले ते तळं हेच, अशी श्रद्धा आहे. सतीच्या वियोगात शंकराच्या डोळ्यांतून पडलेला एक अश्रू इथे आणि दुसरा पुष्करला, असंही सांगतात. तळ्याभोवती मंदिरं, जवळच बौद्ध स्तूपाचे अवशेष, आणि वरच्या अंगाला महाराजा रणजितसिंहांचे सेनापती हरिसिंह नलवा यांची हवेली. एवढ्यासाठी पूर्ण दिवस ठेवा. सकाळी लवकर गेलात तर पाण्यात देवळांची प्रतिबिंबं दिसतील. हे पाणी गृहीत धरू नका. आसपासचे सिमेंटचे कारखाने आणि बोअरवेल जमिनीखालचं पाणी उपसत राहिले आणि २०१७ मध्ये तळं जवळजवळ आटलं. पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठे हालचाल झाली. मला त्या काठावर बसून फार वाईट वाटलं होतं. देऊळ पडलं तर दगड तरी उरतात, झरा आटला की काय उरणार?

झेलमपासून जवळच रोहतासचा किल्ला आहे. शेरशाह सूरीनं १५४१ मध्ये तो बांधायला घेतला. आत अकबराच्या सरदाराची, राजा मानसिंहाची हवेली आहे. किल्ल्याला लागूनच चोआ साहिब गुरुद्वारा. गुरू नानकांनी इथे झरा काढून दिला अशी श्रद्धा आहे, आणि त्या झऱ्यावर रणजितसिंहांनी १८३४ मध्ये वास्तू उभारली. फाळणीनंतर ती कित्येक दशकं बंद होती; २०१९ मध्ये पुन्हा उघडली. बहुतेक लोक किल्ला बघून तसेच परततात. तुम्ही तसं करू नका.

झेलम शहरात सेंट जॉन्स चर्च पाहा. १८५७ च्या जुलैत इथल्या १४ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीनं उठाव केला. त्या लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या २४ व्या रेजिमेंटमधल्या सैनिकांचं स्मारक या चर्चमध्ये आहे. तिथून निघून चिलियाँवालाला जा, म्हणजे साखळी जुळेल. १३ जानेवारी १८४९ ला शेरसिंह अटारीवाला यांच्या शीख फौजेनं याच २४ व्या रेजिमेंटची दाणादाण उडवली होती. तिथे आता इंग्रजांनी उभारलेला दगडी स्तंभ आहे, कबरी आहेत आणि चहूकडे शेती.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना अटकेला जायचा मोह होतो. मलाही झाला. लहानपणापासून ‘अटकेपार झेंडे’ ऐकलेले, १७५८ सालही पाठ. पण अकबरानं बांधलेला तो किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आत सोडत नाहीत. रस्त्यावरून तटबंदी आणि खालची सिंधू दिसते, तेवढ्यावर समाधान माना. परतीच्या वाटेवर हसन अब्दालचा पंजा साहिब गुरुद्वारा आहे, तो मात्र नांदता आहे.

आता खेड्यांतल्या वास्तूंबद्दल. खरा खजिना तिथेच आहे, आणि तो कुठल्याही नकाशावर नाही. जुन्या हवेल्यांत आज माणसं राहतात. त्यांतली कित्येक कुटुंबं अंबाला, जालंधर, अमृतसरकडून आपली घरं सोडून आलेली. त्यामुळे दारात उभं राहून ‘हे आमचं होतं’ अशा सुरात बोलू नका. सलाम करा, कुठून आलात ते सांगा, चहाला नाही म्हणू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. चौकटीवर गणपती किंवा ओअंकार कोरलेला दिसेल. संगमरवरी पाट्यांवर देणगीदाराचं नाव आणि संवत असतं. विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारण इसवी सन मिळतो.

भारतीय पासपोर्टवर असं मोकळेपणानं हिंडता येत नाही. १९७४ च्या करारानुसार यात्रेकरूंचे जथे कटासराजसारख्या ठरावीक जागी जातात, आणि दोन देशांत बिनसलं की तेही थांबतं. तुमचे आईवडील किंवा भाऊ भारतीय पासपोर्टवर सोबत यायचं म्हणत असतील तर आधीच चौकशी करा.

जायच्या आधी गुरुमुखी, म्हणजे शिखांची पंजाबी लिपी, शिका. देवनागरी येणाऱ्याला पंधरा दिवसांत अक्षरं लागतात. मला ती पहिल्या खेपेला येत नव्हती. काकांच्या वडिलांच्या गावात एका घराच्या ओसरीत अशी पाटी होती. घरातले म्हातारे गृहस्थ म्हणाले, जन्मापासून बघतोय, पण काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. काकांनी वाचलं: एका बाईनं नवऱ्याच्या आठवणीत विहिरीसाठी पैसे दिले होते. म्हाताऱ्यांनी नातवाला हाक मारून वही मागवली, ते उर्दूत उतरवून घेतलं आणि मग आम्हाला परसात नेऊन ती विहीर दाखवली. तिला अजून पाणी आहे.