सेकंडहँड आरसी ट्रक घेतलात? आधी काय बदलायचं, काय नाही

वाचकांनी या वेळी पाठवलेले बहुतेक प्रश्न जुन्या विकत घेतलेल्या ऑफ-रोड आरसी, म्हणजे रेडिओ-कंट्रोल ट्रकचे आहेत, आणि त्यातही ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅशचे. २००८ साली बाजारात आलेला हा १/१० मापाचा ट्रक नवशिक्याला सेकंडहँड घ्यायला मला आजही सगळ्यात योग्य वाटतो. सुटे भाग सहज मिळतात आणि जवळपास प्रत्येक गोष्ट घरच्या टेबलावर उघडता येते.

ओळखीतल्या एकाकडून ब्रश मोटरचा टू-व्हील ड्राइव्ह स्लॅश घेतला. गाडी व्यवस्थित चालते. लगेच ३३०० केव्हीचा ब्रशलेस संच बसवू का? (नाशिक)

आत्ता नको. ब्रशलेस म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली, जास्त ताकदीची मोटर. ३३०० केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे. टू-एस लिपोच्या (दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या) ७.४ व्होल्टवर ओझ्याशिवाय हे चोवीस हजारांच्या वर जातं. ही सगळी ताकद पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), स्पर (त्याला जुळणारा मोठा गिअर), गिअरबॉक्स आणि मागच्या शाफ्टमधून चाकापर्यंत जाते, आणि वाटेत जो भाग आधीच झिजलेला असतो तो पहिल्या फटक्यात जातो. स्लॅशचे मागचे प्लॅस्टिकचे सरकते शाफ्ट तर नव्या गाडीतसुद्धा ब्रशलेसच्या झटक्याने पिळवटतात. मग स्टीलचे शाफ्ट आले, त्यांच्यामागून आणखी काही आलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

‘गाडी चालते’ एवढ्यावर समाधान मानू नका. बॅटरी काढून ठेवा, बॉडी उतरवा आणि गाडी हातात घ्या. एकेक चाक धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. थोडं सैल असणं चालतं, खडखड चालत नाही. पुढची चाकं बोटाने फिरवून कानाजवळ धरा. वाळू चावल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेलं. मग स्परवरचं झाकण काढा. स्पर बोटाने घट्ट धरून मागचं एक चाक फिरवलं की दुसरं उलट दिशेला, अडखळल्याशिवाय फिरलं पाहिजे. मध्ये कटकट झाली तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) उघडावा लागेल. स्परचे दात पूर्ण वर्तुळभर बघा. बहुतेक वेळा तीन-चार दातच खाल्लेले असतात आणि नेमके ते खाली दडलेले असतात.

शॉक अॅब्सॉर्बर एका टोकाने सोडवून दाबा. तेल नीट असेल तर दांडा एकसारखा, सावकाश आत जातो. बुडबुड्यांचा आवाज आला किंवा खालच्या टोपीभोवती तेलकट मातीचा थर दिसला तर तेल आणि ओ-रिंग बदला. हे काम नवशिक्याने जरूर स्वतः करावं, गाडी समजायला याहून चांगली सुरुवात नाही.

पहिला खर्च मात्र अवजारांवर करा. स्लॅशला मुख्यतः २ आणि २.५ मिमीच्या अॅलन की लागतात. स्वस्त संचाची टोकं गोल होतात आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतात. जुना टामिया घेतला असेल तर त्याचे फुलीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, त्यांना तसाच स्क्रूड्रायव्हर घ्या. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू बसतो तिथेच लावायचं. प्लॅस्टिकला लावलं तर ते काही काळाने तडकू शकतं.

या सगळ्यातून गाडी पार पडली की मूळची टायटन मोटर एक मोसम चालवा. ५५० मापाची, १२ टर्नची (तारेच्या १२ वेढ्यांची) ही मोटर मऊ आहे आणि शिकायला पुरेशी वेगवान आहे. हिचे ब्रश झिजले तर बदलता येत नाहीत, पण अख्खी मोटर ब्रशलेस संचाच्या मानाने फार स्वस्त मिळते.

स्टिअरिंग ढिलं वाटलं म्हणून रोबोटिक्सच्या दुकानातून एमजी९९६आर सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणून बसवला. आता पूर्ण थ्रॉटल देऊन वळवलं की गाडी क्षणभर बंद पडते, मग आपोआप सुरू होते. रिसीव्हर गेला का? (पुणे)

रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) बहुधा ठणठणीत आहे, त्याला वीज पुरत नाही. रिसीव्हर आणि सर्व्हो या दोघांनाही वीज मिळते ती ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीकडून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागाकडून, आणि जुन्या ब्रश ईएससींची बीईसी जेमतेम एक-दोन अँपिअरची असते. एमजी९९६आर अडकला की ६ व्होल्टवर अडीच अँपिअरपर्यंत ओढतो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्यात गाडी भिंतीवर गेलेली असते.

खात्री करायला गाडी डब्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, मोटरच्या दोन्ही वायर सोडवा आणि स्टिअरिंग झपझप डावी-उजवीकडे फिरवा. एवढ्यातही रिसीव्हरचा दिवा विझत असेल तर दोष बीईसी-सर्व्होच्या जोडीचा. मोटर जोडल्यावरच त्रास होत असेल तर थकलेली बॅटरी किंवा सैल कनेक्टर तपासा. मोटरच्या टोकांना लावलेले छोटे सिरॅमिक कपॅसिटर तुटलेत का तेही बघा. ते नसले की ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट थेट रेडिओत शिरतो.

उपाय म्हणून ६ व्होल्टवर लावलेली ५ अँपिअरची वेगळी बीईसी बॅटरीवर जोडा. ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या प्लगमधली लाल वायर बाहेर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, म्हणजे दोन बीईसी एकमेकींशी भांडणार नाहीत.

सर्व्होच्या दांड्यावर २५ दात आहेत, स्लॅशलाही तेवढेच लागतात, म्हणून तो बसला. पण हॉर्न (सर्व्होच्या दांड्यावरचा हात) थेट बसवलाय की सर्व्हो सेव्हरमधून (चाकाचा धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणाऱ्या स्प्रिंगच्या भागातून), हे बघून घ्या. आणि मूळ तक्रार ढिल्या स्टिअरिंगची होती ना? स्लॅशमध्ये तो ढिलेपणा पुष्कळदा सर्व्होत नसतो, बेलक्रँकमध्ये (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या सांध्यात) असतो. सर्व्हो काढून दोन्ही पुढची चाकं हाताने हलवून बघा.

पिनियन १९ दातांवरून २३ वर नेला, स्पर ८६ चाच आहे. मैदानात पाचेक मिनिटं पळवल्यावर मोटरला हात लावता येत नाही. नागपूरचा उन्हाळा हेच कारण असेल का? (नागपूर)

ऊन भर घालतंय, पण कारण पिनियनच आहे. स्लॅशच्या गिअरबॉक्सचं आतलं गुणोत्तर २.७२. तुमचं एकूण गुणोत्तर १२.३ वरून १०.२ वर आलं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटर आधी सव्वाबारा वेळा फिरत होती, आता जेमतेम सव्वादहा वेळा. मोटरला प्रत्येक फेऱ्यात जास्त ओझं, ओझं जास्त म्हणून करंट जास्त, आणि करंट वाढला की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सपाट डांबरावर हे कदाचित निभावलं असतं. गवतात नाही. गुडघाभर नको, बोटभर गवतसुद्धा मोटरला सतत चढ असल्यासारखं राबवतं. मैदानासाठी १९ वर परत या.

तापमान अंदाजाने न ठरवता मोजा. कोविडच्या काळात घरात आलेली कपाळाची बंदूक इथे कामाची नाही, ती माणसाच्या तापापुरतंच मोजते. वर्कशॉपमध्ये वापरतात तो इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. मी ब्रश मोटर ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देत नाही. तुमच्याकडे हवाच ४५ अंशांची असताना ती लवकर निवणारही नाही, तेव्हा दोन बॅटऱ्यांच्या मध्ये भरपूर वेळ द्या.

पिनियन बदलताना दात किती जवळ बसवले तेही तपासा. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालून मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी घड्या उमटल्या पण ती फाटली नाही, तर बरोबर. स्पर क्वचितच अगदी गोल असतो, म्हणून तीन-चार जागी हे करा. पिनियनचा बारीक ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. इथे थ्रेडलॉक हवंच.

अकरा वर्षांच्या मुलासाठी वापरलेला ट्रक घेतला. सोबत आलेली लिपो बॅटरी थोडी फुगीर दिसते. विकणारे म्हणाले, चालते अजून. वापरू का? (ठाणे)

नाही. एकदाही चार्ज करू नका. फुगलेल्या लिपोच्या आत वायू साठलेला असतो, ती सुधारत नाही. तिला टोचू, दाबू किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. टोकांना टेप लावून, जळणार नाही अशा डब्यात घराबाहेरच्या बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

अकरा वर्षांच्या मुलासाठी माझी पसंती ७.२ व्होल्टच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटरीला. वजनाने जड आहे, जोर कमी आहे, पण हाताळणीतल्या चुका ती पोटात घालते. ईएससी मूळचाच एक्सएल-५ असेल तर त्यात ट्रेनिंग मोड आहे. तो लावला की ताकद निम्मी होते. निदान पहिले काही आठवडे तो लावाच. पूर्ण वेगात हा दोन किलोचा ट्रक घोट्यावर बसला तर मोठ्या माणसालाही जायबंदी करू शकतो.

पुढे लिपोवर जायचं ठरलं तर चार्जिंगची जबाबदारी तुमची, मुलाची नव्हे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. मी ३.५ लाच थांबायला सांगेन. बॅटरीच्या बॅलन्सच्या (प्रत्येक सेल वेगळा तपासायच्या) पांढऱ्या प्लगला लावायचा छोटा अलार्म मिळतो, तो बसवा. एक्सएल-५ चालू केल्यावर दिवा हिरवा असेल तर कमी व्होल्टेजला गाडी आपोआप थांबवणारी सोय सुरू आहे, लाल असेल तर बंद आहे. जुन्या मालकाने ती बंद ठेवलेली असू शकते, म्हणून लिपो लावण्याआधी दिवा बघाच. चार्जर बॅलन्स पद्धतीचाच घ्या. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरपेक्षा जास्त करंट देऊ नका. चार्जिंग मोकळ्या फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब आणि कोणीतरी जागं व समोर असतानाच करा. आठवडाभर खेळणं होणार नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

गाडी वॉटरप्रूफ आहे असं सांगून दिली. पावसात आणि भाट्याच्या किनाऱ्यावर चालवली तर चालेल ना? (रत्नागिरी)

पावसात चालेल, खाऱ्या पाण्यात चालवू नका. वॉटरप्रूफ असतात ते ईएससी, सर्व्हो आणि रिसीव्हरची डबी. बेअरिंग, स्क्रू आणि मोटर नसतात. त्या डबीचाही भरवसा जुन्या गाडीत धरता येत नाही. झाकण उघडून बघा. वायर आत शिरतात तिथे फोम आणि सिलिकॉन ग्रीस असायला हवं. आधीच्या मालकाने रिसीव्हर बदलताना ते पुसून टाकलं असेल तर डबी नावापुरतीच बंद आहे.

चिखलात खेळून आल्यावर साध्या पाण्याने हलकेच धुवा, प्रेशरचा पाइप मारू नका. टायरमधला फोम पाणी धरून बसतो, तो दाबून पाणी काढा. गाडी वाळली की बेअरिंगना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. किनाऱ्यावर जायचंच असेल तर ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर, लाटेपासून लांब जा, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी हे सगळं करा. मीठ सकाळपर्यंत थांबत नाही.

पुढचे आर्म तुटले. सगळं अॅल्युमिनियमचं बसवावं का? दिसायलाही छान दिसतं. (सांगली)

आर्मसाठी नको. प्लॅस्टिकचा आर्म धडक बसली की वाकून परत येतो. अॅल्युमिनियमचा वाकतो आणि वाकलेलाच राहतो, किंवा धक्का पुढे बल्कहेडकडे (आर्म ज्याला जोडलेले असतात त्या भागाकडे) ढकलतो, आणि बल्कहेड बदलायला अर्धी गाडी सोडवावी लागते. आरपीएमचे नायलॉनचे आर्म बसवा, ते मूळ आर्मपेक्षा खूप जास्त मार सोसतात. अॅल्युमिनियम वापरायचंच तर बेलक्रँकमध्ये वापरा, तिथे ताठरपणाचा उपयोग होतो.

बॉडीला तडे गेले असतील तर भिंतीच्या भेगांना लावतात ती फायबरची जाळीची पट्टी आतून लावून वर बूट चिकटवायचा लवचीक गोंद पसरा. फेव्हिक्विक कडक होऊन पुन्हा तडकतं.

इथे अमेरिकेत वापरलेला स्लॅश स्वस्तात मिळाला. सुट्टीत येताना साताऱ्याच्या पुतण्याला आणायचा आहे. बॅटरी आणता येईल का? (न्यू जर्सी)

येईल, पण सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, केबिन बॅगेतच ठेवावी लागते. मर्यादा साधारण १०० वॅट-तासांची आहे. तुमची ७.४ व्होल्ट, ५००० एमएएचची बॅटरी ३७ वॅट-तासांची भरते. टोकांना टेप लावा, अर्धवट चार्जवर ठेवा आणि तिकीट ज्या विमान कंपनीचं आहे तिचा नियम निघण्याआधी वाचा.

चार्जरच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. फक्त १२० असेल तर तो तिथेच ठेवा, आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. ट्रॅक्ससचा कनेक्टर वेगळा असतो आणि इथे मिळणाऱ्या बऱ्याच बॅटऱ्या एक्सटी६० च्या असतात, म्हणून एक-दोन अडॅप्टर सोबत आणा. जागा उरली तर मागच्या शाफ्टची एक जास्तीची जोडी आणि स्पर गिअरही घ्या, पुतण्याला पहिल्यांदा तेच लागणार आहेत.