कडेला किती चिकटून चालवायचं?

प्रश्न : रोजचा रस्ता मोटारींनी भरलेला असतो. सायकल अगदी कडेने चालवतो, तरी गाड्या घासून जातात. आणखी किती कडेला जाऊ?

उत्तर : आणखी कडेला नको, जरा आत या. तुम्ही कडेला चिकटलात की मागच्या चालकाला वाटतं, याच लेनमध्ये आपणही मावू, आणि तो घुसतो. शिवाय खडी, काचा, गटाराच्या जाळ्या सगळं कडेलाच असतं. ते चुकवायला तुम्ही एकदम आत वळता आणि नेमका तेव्हाच दणका बसतो. म्हणून कडेपासून पाऊण-एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. गाडी आणि सायकल शेजारी-शेजारी मावणारच नाहीत इतकी लेन अरुंद असेल, तर मधोमध चाला आणि जागा झाली की बाजू द्या. हॉर्न वाजतील. वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलंय, एवढं तरी त्यातून कळतं.

उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना मोजमाप बदलतं. उघडलेलं दार साधारण एक मीटर जागा खातं, तेव्हा गाड्यांपासून तेवढं अंतर हवं, आणि तेही हँडलच्या टोकापासून, चाकापासून नव्हे. हँडल चाकाच्या दोन्ही बाजूंना तीसेक सेंटिमीटर बाहेर असतं, हे विसरायला होतं. दोन गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत आत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका, कारण मधल्या काळात तुम्ही मागच्याला दिसतच नाही. (मोटारीत बसणाऱ्यांनाही एक सांगणं : दार त्याच्यापासून लांबच्या हाताने उघडा. खांदा आपोआप वळतो, नजर मागे जाते.)

सिग्नलला थांबलेल्या ट्रक किंवा बसच्या कडेकडच्या बाजूने पुढे सरकणं मात्र कधीच नको. लांब गाडी वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या बरीच आतून जातात आणि चालकाच्या आरशात तो कोपरा नसतो. तिच्या मागेच थांबा.

प्रश्न : उभ्याने चालवायची माझी ई-स्कूटर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची आहे. कंपनी एका चार्जमध्ये ३० किलोमीटर सांगते, मला २० मिळतात. बॅटरी गेली का?

उत्तर : बहुधा नाही. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर, ही बॅटरीत मावणारी एकूण वीज. पूर्ण वेगाने आणि दर चौकात थांबत-निघत चालवली, तर किलोमीटरला १५ ते २० वॅट-अवर लागतात. करा भागाकार, उत्तर १८ ते २४ येतं. कंपनीचा आकडा सहसा हलका माणूस, सपाट रस्ता आणि संथ वेग धरून काढलेला असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी १५ वरून २५ ला गेलात की तो जवळजवळ पावणेतीनपट होतो.

आधी टायरमधली हवा बघा. छोट्या ट्यूबमध्ये हवाच इतकी थोडी मावते की जराशी गळली तरी दाब पटकन उतरतो, म्हणून दर आठवड्याला तपासा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. हवा कमी असली की चार्ज तर जास्त जातोच, वर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिमटते. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर खिळा शोधत बसू नका, कारण हेच आहे.

बॅटरीच्या एक-दोन काड्या उरलेल्या असताना स्कूटर चढावर बंद पडते, तीही बिघडलेली नसते. चढावर ओढ वाढली की व्होल्टेज खाली येतं आणि बॅटरीचं संरक्षण सर्किट वीज तोडतं. आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थांबा. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा.

प्रश्न : रात्री रिकाम्या चौकात माझ्या सायकलसाठी सिग्नल हिरवाच होत नाही.

उत्तर : तिथे बहुधा रस्त्यात तारेचं वेटोळं पुरलेलं असणार. ते वजन मोजत नाही, वरचा धातू ओळखतं. डांबरात कापलेली चौकोनी रेघ दिसते का पाहा आणि दोन्ही चाकं तिच्या लांबीवर ठेवून थांबा. चौकोनाच्या मध्यात उभं राहिलात तर सायकल सहसा कळत नाही.

प्रश्न : पावसात ई-स्कूटर चालते का?

उत्तर : आयपीएक्स-४ (पाणी किती सोसतं त्याचा दर्जा) लिहिलं असेल तर शिंतोडे चालतात. साचलेल्या पाण्यात मात्र घालू नका. ओले रंगवलेले पट्टे आणि मॅनहोलची झाकणं सरळ ओलांडा, त्यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको.