“आईंचा वॉकर सुटला का हो?”

“आम्ही लांब राहतो म्हणून घरचे आम्हाला काही सांगतच नाहीत.” कुटुंबांची समुपदेशक म्हणून हे गाऱ्हाणं माझ्याकडे वरचेवर येतं. बहुतेकदा न्यू जर्सीहून, नाहीतर बंगळुरूहून. गेल्या खेपेला आलं ते लंगकावीहून, एका होडीतून.

सुहासराव आणि मेधाताई (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, लिहायला दोघांची संमती आहे). सुहासराव आधी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, मग सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी. निवृत्तीनंतर अडतीस फुटी जुनी शिडाची होडी घेतली आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रमतगमत वर सरकले. लंगकावी म्हणजे मलेशियाच्या केदाह राज्यातला नव्व्याण्णव बेटांचा पुंजका. कुआ गावासमोर नांगर टाकून महिनोन्‌महिने राहणारी अशी बरीच मंडळी असतात. बेट १९८७पासून करमुक्त, त्यामुळे पुढच्या प्रवासाच्या सामानाची भरती इथेच होते. डिसेंबरात आभाळ मोकळं असतं, म्हणून त्यांनी नाशिकच्या मित्र-जोडप्याला आठ दिवस बोलावलं होतं.

पाहुणे येताना मेतकूट, चकल्या घेऊन आले. वाटेत डोंबिवलीला थांबून सुहासरावांच्या आईंनी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबाही आणला. दुसऱ्या संध्याकाळी चौघं डेकवर बसलेले असताना मैत्रिणीने सहज विचारलं, “आईंचा वॉकर सुटला का हो? आम्ही गेलो तेव्हा कंटाळल्या होत्या बिचाऱ्या.”

“कसला वॉकर?”

सप्टेंबरात आई न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वय ८४. सगळं निभावलं धाकट्या दिरांनी आणि जावेने. या तीन महिन्यांत दर रविवारी व्हिडिओ कॉल होत होता. आई खुर्चीत बसलेल्या दिसायच्या. वॉकर खुर्चीमागे, दिसणार नाही असा ठेवायचा, हे जावेचं डोकं.

पुढचे सहा दिवस काय गेले असतील, बघा. चौघं केबल कारने डोंगरावर गेले, फोटो काढले, आणि कुणी कुणाशी धड बोललं नाही. सुहासराव पहाटे उठून होडीच्या तळातलं पाणी उपसत बसत. तळ आधीच कोरडा होता. मैत्रीण रडवेली. मेधाताईंनी जावेला व्हॉट्सॲपवर जे लिहिलं ते मला वाचून दाखवलं. ते इथे देत नाही.

पहिल्या सत्रात मी चुकले. मेधाताईंनी विचारलं, “आम्ही म्हातारीला टाकून मजा मारतोय का?” आणि मी त्या अपराधभावाच्याच मागे लागले: परत यावंसं वाटतं का, होडी विकायचा विचार येतो का. सुहासराव पडद्याच्या कडेला बसून दोराला गाठ मारत होते, सोडत होते. शेवटी म्हणाले, “मॅडम, प्रश्न आईपाशी असण्याचा नाही. मला कधीच वेळेवर कळत नाही, हा आहे.”

१९९३ साली ते जहाजावर असताना वडील गेले. तेव्हा भर समुद्रात निरोप धाडायचा तर तो रेडिओ ऑफिसरच्या हाती जायचा. घरच्यांनी ठरवलं, बंदराला लागल्यावर सांगू. अकराव्या दिवशी रॉटरडॅमला एजंटाने पाकीट हातात ठेवलं. पाकिटाच्या एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता, हे त्यांना अजून आठवतं. आता खिशात फोन आहे, तरी तेच. “तेव्हा निदान सोय नव्हती.”

दुसऱ्या सत्रात मी दिरांना घेतलं. ते ठरवूनच आले होते की माफी मागायची नाही. “आईनेच शपथ घातली होती,” म्हणाले. मी विचारलं, शपथ नसती तर? बराच वेळ गप्प. मग: “तरी नसतं सांगितलं. दादा येतो, डॉक्टरांना इंग्रजीत चार प्रश्न विचारतो, नर्सला शिस्त लावतो आणि आठव्या दिवशी जातो. बेडपॅन मी धरतो.”

मला वाटतं, लपवाछपवीच्या बहुतेक घरांत हे वाक्य कुठेतरी पडलेलं असतं. ‘उगाच काळजी नको’ हे खरंच असतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे ‘तुमचा कारभार नको’. ते उघड म्हणता येत नाही, म्हणून सगळ्यावर काळजीची शाल पांघरली जाते. लांबच्या माणसाला मात्र फक्त शाल दिसते आणि तो आपण स्वार्थी आहोत का, असं स्वतःला कुरतडत बसतो.

सुहासराव काही बोलणार, इतक्यात मेधाताईच म्हणाल्या, “आपण तरी ‘सुमात्रा’ कुठे सांगितला?”

मलाक्काच्या सामुद्रधुनीत नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात रात्री-पहाटे अचानक वादळी सोसाटा येतो, त्याला खलाशी ‘सुमात्रा’ म्हणतात. जुलैत अशाच एका पहाटे त्यांचा नांगर घसरला, होडी शेजारच्या होडीवर जाता जाता वाचली, सुहासरावांच्या तळहाताला चार टाके पडले. त्या रविवारी कॉलवर त्यांनी तो हात टेबलाखाली ठेवला होता. दिरांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा हसले. “म्हणजे तुमचाही वॉकर खुर्चीमागेच.”

मग काय ठरलं? फारसं काही नाही. पडणं, दवाखान्यात राहणं, ऑपरेशन हे त्याच दिवशी कळवायचं, दोन्हीकडून. सर्दी-खोकला नाही कळवला तरी चालेल. यात सगळ्यात शहाणी सूचना आईंची होती. शेवटच्या दहा मिनिटांत त्या फोनवर आल्या. “सांगीन मी. पण सांगितलं की तू विमान धरायचं नाहीस. आधी धाकट्याला विचारायचं, येऊ का म्हणून. तो म्हणाला ये, तरच. आणि आलास तर रात्रीची पाळी तुझी.” कळवणं वेगळं आणि बोलावणं वेगळं, हे मला दोन सत्रांत जमलं नव्हतं इतक्या स्वच्छपणे त्यांनी सांगितलं. असाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिल्यांदा हेच विचारते: तुम्हाला बातमी कळली की तुम्ही पुढे काय करता? तिथेच बऱ्याचदा उत्तर सापडतं.

जावेशी मेधाताईंचं अजून पूर्ण जमलेलं नाही. तो मेसेज दोघींच्याही फोनमध्ये आहे.

जूनमध्ये पुन्हा एक ‘सुमात्रा’ येऊन गेला. या वेळी नांगर धरून राहिला, पण ठरल्याप्रमाणे त्यांनी सकाळीच घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यानंतर दोन रात्री आई झोपल्या नाहीत. दिरांनी मला फोन केला, थोडे चिडूनच: “बघा, म्हणून सांगत नव्हतो आम्ही.” मी म्हटलं, आईंना विचारलंत का, पुढच्या वेळी सांगू नये का? त्यांनी फोन तसाच आईंकडे दिला.

“झोप काय, या वयात तशीही येत नाही,” आई म्हणाल्या. “तो नांगर किती किलोचा असतो हो, तुम्हाला माहितीय?”