ड्रॅगन ३२ वर टँडीच्या कॅसेट: काय चालतं, काय अडतं

टँडी टीआरएस-८० कलर कॉम्प्युटर या अमेरिकन घरगुती संगणकावर कॅसेटमध्ये साठवलेला बेसिक भाषेतला प्रोग्रॅम तुमच्या ड्रॅगन ३२ या ब्रिटिश संगणकावर लोड होतो, पण लिस्ट केल्यावर भलतेच शब्द दिसतात, असं तुम्ही विचारलंय. कॅसेट चांगली आहे, ती टाकू नका.

दोन्ही यंत्रं मोटोरोलाच्या एकाच आराखड्यावर उभी आहेत: ६८०९ई प्रोसेसर, ६८४७ डिस्प्ले चिप, मेमरी सांभाळणारी ६८८३ सॅम चिप, वर मायक्रोसॉफ्टचं बेसिक. कॅसेटवरचे सूरही तेच, १२०० आणि २४०० हर्ट्झ. म्हणून लोड होतं. पण बेसिक प्रत्येक आज्ञेसाठी एक टोकन क्रमांक साठवतं आणि ती यादी इथे वेगळी आहे. रीड या आज्ञेपर्यंत जुळते. पुढे ड्रॅगनमध्ये लेट ही आज्ञा मध्येच घुसते आणि खालचं सगळं सरकतं. टँडीचा १४४ म्हणजे रिटर्न, ड्रॅगन तो रिस्टोर म्हणून दाखवतो. पोकच्या जागी स्टॉप येतो.

यावर खात्रीचा उपाय: टँडीवर सीसेव्ह "नाव",ए असं साठवा. शेवटच्या ए मुळे टोकनांऐवजी साधा मजकूर जातो आणि ड्रॅगन सीलोडने (कॅसेटवरून लोड करताना) स्वतःची टोकनं लावतो. टँडी हाताशी नसेल तर एक्सरोअर या एम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर जुनं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हेच करा. मात्र रेकॉर्डरची रिमोट वायर जोडलेली हवीच. मजकूर तुकड्या-तुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकड्यानंतर ड्रॅगन मोटर थांबवतो. मोबाइलवरून सलग वाजवलंत तर पुढचा तुकडा निसटतो आणि आयओ एरर येते.

मशीन कोडमधला, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतला खेळ असेल तर आधी जॉयस्टिकने चालवून पाहा. जॉयस्टिक चालते पण कळा भलत्याच लागतात, म्हणजे तो ६५२८० या मेमरी पत्त्यावरून कीबोर्ड थेट वाचतोय. टँडीच्या कळांच्या जोडणीतल्या पहिल्या चार ओळी ड्रॅगनमध्ये दोन घरं खाली आहेत, अंकांच्या दोन ओळी सगळ्यात वर. एंटरची ओळ जागच्या जागी. कोडमध्ये तेवढे बिट फिरवले की काम होतं. सुरू होताच अडकणारा खेळ बहुधा रॉममध्ये ठरावीक पत्त्यावर उडी मारतो. ४०९६० वरच्या तक्त्यातून कळ वाचणारे प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतात.

पीएमोड ४ या दोन रंगांच्या चित्र-मोडमधले अमेरिकन टीव्हीवरचे लाल-निळे रंग पाल (PAL, ब्रिटनमधली टीव्ही पद्धत) टीव्हीवर उमटत नाहीत, काळं-पांढरंच दिसेल. टायमरही सेकंदाला ६० ऐवजी ५० मोजतो, तेव्हा वेळेचे आकडे बदला.

टँडीचा डिस्क कंट्रोलर ड्रॅगनडॉसबरोबर (ड्रॅगनच्या डिस्क प्रणालीबरोबर) वापरू नका. कंट्रोलर चिप आणि तिचं नियंत्रण रजिस्टर यांचे पत्ते, ६५३५२ आणि ६५३४४, दोन्हीकडे नेमके उलटे आहेत.