पार्टटाइम म्हणजे ‘ताकुङ’ का?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय, चिनी शिकतेय, पार्टटाइम नोकरीला ताकुङ म्हणायचं की च्येनच्र्, आणि सटरफटर कामाला काय? आधी रोमनमधलं dagong बघून ‘डागाँग’ वाचणं थांबवा हो! रोमनमधला डी तिथे त आहे आणि जी म्हणजे क, आपल्याकडे त-थ, क-ख हा फरक आयता असताना इंग्रजीसारखं का वाचायचं?

ताकुङ म्हणजे दुसऱ्याकडे राबणं, बस. कॉलेजची पोरं सुट्टीत करतात तेही ताकुङ आणि फॅक्टरीत बारा-बारा तास उभा असतो तो माणूस करतो तेही ताकुङच, मग पार्टटाइम नक्की कुठे आलं? (‘ता’ म्हणजे मारणे, म्हणून ‘कामगाराला मारणे’ असा अर्थ लावणारेही भेटलेत. आपण गप्पा मारतो तेव्हा कोणाला मारतो?)

पार्टटाइमला म्हणायचं ते च्येनच्र्, आणि खरी मजा त्यातल्या च्येनमध्ये आहे. जुन्या लिपीत हे अक्षर म्हणजे एक हात आणि त्याच्या मुठीत धान्याची दोन ताटं (जेवायची नव्हे, शेतातली)! एकच ताट धरलेला हात असेल तर ते वेगळं अक्षर, ‘पिंग’. हे माझं डोकं नाही, श्यू शन नावाच्या पंडिताने इ.स. १०० च्या सुमारास आपल्या कोशात लिहून ठेवलंय. च्र् म्हणजे पद, नोकरी. आणि वाशीच्या एका क्लासच्या नोट्समध्ये काय, तर ‘च्येन = अर्धा’. अहो अर्धा कुठून काढलात, मूठ एक, ताटं दोन, दोन्ही अख्खी!

म्हणून मला च्येनच्र्चं ‘अर्धवेळ’ हे भाषांतर पटत नाही, कोशवाल्यांनी कितीही छापू दे. त्यात नुसते तास मोजलेत. आपला ‘जोडधंदा’ घ्या की, शेती आहेच, वर दोन म्हशी. नवी मुंबई व्हायच्या आधी इथली आगरी माणसं भातशेती सांभाळून मिठागरावर जायची, ते शंभर टक्के च्येन. कॉलेज सांभाळून संध्याकाळी मॉलमध्ये उभी राहणारी पोरगीसुद्धा त्यातच, शिक्षण हे तिचं पहिलं ताट.

हां, सटरफटर राहिलंच. लिङकुङ. लिङ म्हणजे शून्य असं सगळे सांगतात, पण अक्षराच्या डोक्यावर पाऊस काढलाय, मूळ अर्थ थेंब थेंब पडणं. नाक्यावर सकाळी उभं राहायचं, आज रंगकाम, उद्या रेती उचलणं, परवा काहीच नाही, ते हे.