यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून मेकॅनिकलची डिग्री करतोय. धातू कसे वाकतात-तुटतात यावर संशोधनात करिअर होईल का?

होईल, पण नुसत्या डिग्रीवर नाही. गेट (एम.टेक.च्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) देऊन एम.टेक. आणि पुढे पीएच.डी. करावी लागेल. मी याच विषयात पीएच.डी. केली आहे, म्हणून सांगतो. कॉलेजचं नाव मोठं नसलं तरी गेटचा स्कोअर चालतो आणि तो 3 वर्षं वैध असतो. एम.टेक.ला महिना 12,400 रुपये मिळतात. पीएच.डी.ची फेलोशिप केंद्राच्या बहुतेक योजनांत सुरुवातीला महिना 37,000 रुपये असते. शिकायला जवळ म्हणजे नागपूरचं व्हीएनआयटी हे केंद्राचं इंजिनीअरिंग कॉलेज. पुढे हैदराबादची डीएमआरएल (संरक्षणासाठीच्या धातूंची प्रयोगशाळा), जमशेदपूरची एनएमएल (राष्ट्रीय धातू प्रयोगशाळा), कल्पाक्कमचं आयजीकार (अणुसंशोधन केंद्र) इथे हेच काम चालतं.

आतापासून सॉलिड मेकॅनिक्स (भाराखाली घन वस्तू कशा ताणल्या-वाकतात याचं शास्त्र) आणि गणित पक्कं करा (बहुतेक जण इथेच गळतात). एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटी मद्रासचा फ्रॅक्चर मेकॅनिक्सचा (तडे कसे वाढतात याचा) कोर्स फुकट आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ट्रॅक्टरचा तुटलेला एक्सल आला, तर जोडण्याआधी तुटलेला भाग नीट बघा. एका कडेपासून पसरत गेलेल्या गुळगुळीत कमानी आणि उरलेला भाग खरबरीत दिसला, तर तो एका झटक्यात तुटलेला नाही. बारीक तडा भाराच्या प्रत्येक फेऱ्यागणिक वाढत गेला आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलवला नाही. याला फटीग म्हणतात, आणि या क्षेत्रातलं बरंच संशोधन त्याच्यावरच आहे.

मात्र कायमच्या जागा कमी, आणि पीएच.डी.ला सहज 5 वर्षं जातात. घरी लगेच पगार हवा असेल तर आधी एनडीटीची (वस्तू न तोडता दोष शोधण्याच्या तपासणीची) लेव्हल 2 करून तपासणीची नोकरी धरा. गेट नंतरही देता येते.