लिव्हर फिरतोय, रोल मात्र जागचा हलत नाही

या वेळी तीनच पत्रं घेतलीत आणि तिन्ही जुन्या फिल्म कॅमेऱ्यातला रोल पुढं सरकवण्याबद्दल आहेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तो घोळ सगळ्यात जास्त लोकांचा होतो आणि त्यात उगाच पैसे जातात.

प्रश्न : माळा आवरताना वडिलांचा पेंटॅक्स के-१००० कॅमेरा सापडला. सेल घातला, उजेड मोजायच्या मीटरचा काटा हलला, लई भारी वाटलं. मग ३६ चा रोल घालून रंकाळ्यावर आणि भवानी मंडपात फिरून सगळा संपवला. काउंटर ३६ वर गेला तरी लिव्हर फिरतच होता. लॅबवाला म्हणतो रोल कोरा निघाला. एका दुकानात दाखवलं तर ‘आतला गिअर गेलाय, पूर्ण मशीन उघडायला लागेल’ म्हणाले. उघडू देऊ का? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी तो कॅमेरा तिथनं परत आणा. प्रत्येक फोटोला शटर वाजलंय ना? मग लिव्हरचा गिअर गेलाय म्हणणं घाईचं आहे. लिव्हर एका ओढीत तीन कामं करतो, शटर भरतो म्हणजे पुढच्या फोटोसाठी तयार करतो, काउंटर एक घर पुढं नेतो आणि फिल्म ओढतो. यातली पहिली दोन कामं आत फिल्म असो नसो होतातच, तुमच्या पेंटॅक्सचा काउंटर रिकाम्या कॅमेऱ्यातपण पुढं जातो, त्यामुळं काउंटरवर ३६ दिसले म्हणजे ३६ फोटो निघाले असं काही नसतं.

लॅबकडनं ती निगेटिव्ह मागून घ्या आणि कडेला बघा. फिल्मचं नाव आणि बारीक आकडे दिसतायत का? ते कारखान्यातच उमटवलेले असतात, म्हणजे ते स्पष्ट असतील तर लॅबनं रोल नीट धुतलाय, फक्त त्याच्यावर उजेडच पडलेला नाही. टोकाचा तुकडा तेवढा काळाकुट्ट असेल. तुमचा अख्खा रंकाळा त्या एका टोकावर एकावर एक बसलाय.

झालंय काय, तर फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, उजव्या स्पूलच्या, म्हणजे फिल्म गुंडाळणाऱ्या रिळाच्या, खाचेतनं पहिल्या एक-दोन ओढीतच निसटली. आता नवा रोल वाया घालवू नका, एखादा मुदत संपलेला मिळाला तर त्याच्यावर सराव करा. जीभ खाचेत नीट आत सारायची, लिव्हर सावकाश ओढायचा, वरची आणि खालची अशी दोन्हीकडची भोकं स्प्रॉकेटच्या, म्हणजे शेजारच्या दातेरी चाकाच्या, दातांवर बसलेली डोळ्यांनी बघायची आणि मगच मागचं दार लावायचं. मग डावीकडची रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायची, चावी उघडून बाणाच्या दिशेनं हळूच फिरवायची, सैल पडलेली फिल्म ताठ झाली की ती आपोआप अडते, तिथं थांबायचं. आता लिव्हर ओढा आणि नजर त्या चावीवर ठेवा. फिल्म सरकत असेल तर चावी उलटी फिरते. फिरली नाही तर फोटो काढू नका, बास. मी अजून प्रत्येक रोलला हे बघतो, लोक हसतात, हसू देत.

एवढं करूनही फिल्म अडकत असेल तर पुढचं वाचा. ३५ मिलीमीटरच्या फिल्मला एका फोटोमागं ८ भोकं लागतात, म्हणजे फिल्म दरवेळी ३८ मिलीमीटर पुढं जायला पाहिजे, ३६ चा फोटो आणि २ ची मधली फट. हे माप धरायचं काम स्प्रॉकेटचं, त्याला ८ दात असतात आणि एका ओढीत त्याचा एक फेरा होतो. पण उजवीकडचा स्पूल फिल्म गुंडाळत जाईल तसा जाड होत जातो, आणि जाड झालेला स्पूल तेवढाच फिरला तर ३८ पेक्षा जास्त फिल्म ओढायला बघणार, मग फिल्म तरी फाटेल नाहीतर दात तरी तुटेल. म्हणून स्पूल गिअरला घट्ट बांधलेला नसतो, मध्ये घर्षणाचा क्लच असतो, जास्तीचं ओढणं तो सोडून देतो. मोटारसायकलीचा क्लच घासला की रेस वाढते पण घाट चढत नाही, तसंच याचं होतं. हा क्लच ढिला पडला की स्प्रॉकेट फिल्म पुढं ढकलतं पण स्पूल ती घेत नाही, दार उघडल्यावर दोघांच्या मधी फिल्म चुरगळून घड्या पडलेली दिसते.

तपासायला एक मिनिट लागतं. फिल्म न घालता दार उघडा, स्पूलवर बोट टेकवा आणि लिव्हर हळू ओढा. स्पूल बोटाखाली सरकला पाहिजे पण रुसून, जरा जोर करत. बोट नुसतं लागल्या लागल्या गप्प उभा राहत असेल तर क्लच कमजोर आहे आणि तेव्हा कारागिराकडं न्यायला हरकत नाही. उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनतं हे मला माहितीये, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा असलेलं आपलं गाव आहे, बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवला होता, पण एवढासा भाग नव्यानं करून घेण्यापेक्षा त्याच मॉडेलचा बंद पडलेला कॅमेरा घेऊन त्यातला भाग बसवणं स्वस्त पडतं.

अजून एक, कॅमेऱ्याच्या तळाला रिवाइंडचं छोटं बटण असतं. ते दाबलं की स्प्रॉकेट मोकळं सुटतं आणि पुढच्या वेळी लिव्हर ओढला की ते परत वर येतं. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या कॅमेऱ्यात आतल्या ग्रीसचा पार गूळ झालेला असतो आणि बटण आतच चिकटून बसतं. मग स्पूल एकटाच मनाला येईल तेवढी फिल्म ओढतो आणि फोटो एकमेकांवर चढतात. लायटरचं पेट्रोल टूथपिकच्या टोकानं एक थेंब बटणाच्या कडेला सोडा, वर-खाली करा, पुसा, परत सोडा. डब्ल्यूडी-४० चा फवारा मात्र मारू नका, तेल पसरत पसरत शटरच्या पडद्यापर्यंत जातं आणि मग तुमच्या दुकानदाराला खरंच मशीन उघडायला लागेल. स्वतः उघडणारच असाल तर जपानी कॅमेऱ्याचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात, आपल्या नेहमीच्या स्टारनं त्यांची डोकी झिजतात, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मामांचा कॅनन एई-१ वापरतीये. २५ व्या फोटोला लिव्हर जाम झाला, पुढं जाईना. भाऊ म्हणतो जोरात ओढ, सुटेल. — एक वाचक, कागल

उत्तर : ताई, भावाला लांब ठेवा. एई-१ चं शटर सेलवर चालतं. ६ व्होल्टचा सेल उतरला की बटण दाबून शटर सुटत नाही, आणि शटर सुटल्याशिवाय लिव्हर पुढं जात नाही, म्हणून जाम झाल्यासारखं वाटतं. आधी नवा सेल घाला, बहुतेक तिथंच विषय संपेल. नाही संपला तर रोलच्या डबीवर बघा, ३६ चा समजून २४ चा घातला नाही ना? २४ च्या रोलात एखादा फोटो जास्त निघतो आणि मग फिल्म संपते, ती ताठ होते.

ताठ झालेल्या फिल्मवर जोर लावला की काय होतं ते माझ्याकडनं ऐका. कॉलेजात असताना मित्राच्या भावाच्या लग्नात ३६ झाल्यावर ‘अजून एक निघतोय की’ म्हणून मी लिव्हर ओढला, कर्र असा आवाज आला आणि लिव्हर एकदम मोकळा झाला. मला वाटलं निघाला फोटो. खरं तर फिल्म डबीतल्या दांड्यापासनं उपटून आली होती. मग रिवाइंड केलं तर चावी गरागरा फिरतीये, म्हटलं झाला रोल गोळा, आणि मांडवातच दार उघडलं. अक्षता, सप्तपदी, जेवणाच्या पंगती, सगळं दुपारच्या उन्हात. त्या घरात मी पुढं दोन वर्षं गेलो नाही.

म्हणून चावी जर अजिबात जोर न लागता फिरत असेल तर दार उघडू नका. चेंजिंग बॅग, म्हणजे आत हात घालून काम करायची उजेडबंद पिशवी, असेल तर त्यात, नसेल तर रात्री बाथरूममधी दिवा घालवून, दाराच्या फटीला टॉवेल लावून उघडा. लाल बल्ब चालत नाही, रंगीत फिल्मला तोपण दिसतो. फिल्म चाचपडत काढा, कडेनं धरून गुंडाळा, उजेड न शिरणाऱ्या डबीत घाला आणि वर ‘सुटी फिल्म आहे’ अशी चिठ्ठी चिकटवून लॅबला द्या. चिठ्ठी विसरलात तर तिथला पोरगा उजेडात झाकण उघडणार.

प्रश्न : आजोबांचा आगफा क्लिक थ्री आहे. फोटो अर्धे एकमेकांवर येतात आणि कडेनं पांढरट होतात. — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : यात बिघाड असा नाहीच. या कॅमेऱ्यात १२० चा, म्हणजे मागं कागद लावलेला रुंद रोल, १२ फोटो, आणि मोजायचं काम आपल्याच डोळ्यांचं. मागच्या लाल खिडकीत कागदावरचा पुढचा नंबर मधोमध येईपर्यंत चकती फिरवायची आणि फोटो काढल्या काढल्या फिरवायची सवय लावायची, नंतर फिरवू म्हटलं की विसरतंच. लाल खिडकी जुन्या फिल्मच्या काळातली, हल्लीच्या फिल्मला लाल उजेडपण चालत नाही, तेव्हा तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल फिरवताना सावलीत तेवढी उघडा. कड पांढरट येतीये ती बहुतेक रोल सैल गुंडाळल्यामुळं. काढताना रोल बोटात घट्ट धरून कागदाची पट्टी चिकटवा. आणि कॅमेऱ्यात रिकामा स्पूल शिल्लक असतो तो टाकून देऊ नका, पुढचा रोल त्याच्यावरच गुंडाळायचाय. हरवला असेल तर लॅबमधनं एक मागून आणा.